नकार कोणाचा? : ‘कुंकू’ ते ‘उंबरठा’

आज आपल्याला दोन कादंबऱ्या आणि त्यांच्यावरचे दोन चित्रपट पाहायचे आहेत. सुरुवात नावांपासूनच करू.

नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीचं नाव ‘न पटणारी गोष्ट’. व्ही. शांतारामांनी १९३७ साली प्रभातसाठी तिच्यावर चित्रपट केला, तो ‘कुंकू’. त्याचीच हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’. आता गंमत बघा. मूळ नावात नकार आहे, पण तो कोणाचा हे सांगितलेलं नाही. मराठी चित्रपटाच्या नावातून नकारच गेला. उरली कपाळावरची खूण. हिंदीत नकार परत आला, पण तो दुनियेचा झाला! ज्या नीरेनं नकार दिला, ती तिन्ही नावांत कुठंच नाही.

पडद्यावर मात्र ती खणखणीत आहे. शांता आपट्यांची नीरा फसवून एका वयस्क विधुर वकिलाच्या गळ्यात बांधली जाते. ती नशिबाला बोल लावत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, म्हणून हा माझा नवरा नाही, इतकं सरळ तिचं म्हणणं. १९२९च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवलं होतं. कायदा वय विचारत होता. नीरा विचारते, माझी इच्छा कोणी विचारली? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही जे सांगत आलो, ते इथं लागू पडतं : ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा नाही, त्याच्या ‘हो’ला काही अर्थ नाही.

पण शेवट काय होतो? केशवराव दात्यांच्या काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, ते जीव देतात आणि पत्र लिहून नीरेला पुन्हा लग्न करायला सांगतात. माणूस म्हणून ते मोठे ठरतात, यात शंका नाही. आमची अडचण वेगळी आहे. नीरेची सुटका अखेर नवऱ्याच्या मरणानं आणि त्याच्याच परवानगीनं होते. भांडली ती, निर्णय दिला त्यांनी.

पुढं ४५ वर्षांनी, १९८२ साली, जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला. शांता निसळांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची. इथंही नवरा वकीलच, आणि वाईट नाही. पण स्मिता पाटीलची सुलभा नोकरीसाठी लहान मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक होते. परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा घराबाहेर पडते. इथं कोणी मरत नाही, कोणी परवानगी देत नाही. निर्णय तिचा. म्हणून हा शेवट आम्हाला ‘कुंकू’च्या पुढचा वाटतो.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवू. ‘उंबरठा’ हे नाव पाऊल दाखवतं. ‘बेघर’ हे नाव त्या पावलाची किंमत सांगतं. किंमत विसरून नुसत्या पावलाला टाळ्या वाजवणं सोपं असतं.

हे आपल्या बीडमध्ये तर फारच लागू पडतं. आपल्याकडच्या हजारो बाया दर हंगामाला घराचा उंबरठा ओलांडून उसाच्या फडात जातात. म्हणून त्या मोकळ्या झाल्या का? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल त्या जोडीवर. जोडी व्हावी म्हणून, किंवा मागं घरी पोरीला सांभाळायला कोणी नाही म्हणून, लवकर लग्नं उरकली जातात. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न १८ वर्षांच्या आत झालेलं आढळलं. उंबरठा ओलांडला की नाही, एवढं विचारून भागत नाही. कोणाच्या निर्णयानं ओलांडला, हे विचारावं लागतं.

तेव्हा हे चित्रपट जुने म्हणून बाजूला ठेवू नका. घरी मुलींना बरोबर घेऊन बघा. आणि बघून झाल्यावर आपण बोलायची घाई न करता, नीरेचं कुठं पटलं, कुठं नाही, हे आधी त्यांना सांगू द्या. ‘नाही’ म्हणायची सवय तिथूनच लागते.