राजीनाम्याचे रहस्य : ‘द प्रिझनर’चे पुनर्वाचन

‘द प्रिझनर’ ही सतरा भागांची दूरचित्रवाणी-मालिका ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९६७ पासून फेब्रुवारी १९६८ पर्यंत प्रथम दाखविली गेली. तिचे कथासूत्र दोन वाक्यांत सांगता येते. एक वरिष्ठ गुप्तहेर तडकाफडकी राजीनामा देतो, घरी येऊन सामान भरू लागतो, तोच विषारी वायूने बेशुद्ध केला जातो आणि ‘द व्हिलेज’ या नावाच्या एका रमणीय वस्तीत जागा होतो. येथे कोणालाही नाव नसते, केवळ क्रमांक असतात; याचा क्रमांक सहा. वस्तीचा कारभार पाहणारा ‘क्रमांक दोन’ बहुतेक भागांत नवा असतो आणि प्रत्येकाला या कैद्याकडून एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते : तू राजीनामा का दिलास?

या मालिकेविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातील फार मोठा भाग ‘व्यक्ती विरुद्ध व्यवस्था’ या एकाच द्वंद्वाभोवती फिरतो. हे वाचन चुकीचे नाही. प्रमुख अभिनेता आणि निर्मितीमागील प्रमुख शक्ती असलेल्या पॅट्रिक मॅकगूहनने स्वतःच त्याला दुजोरा दिलेला आहे. तथापि ते सोयीचे आहे. या वाचनात प्रेक्षक आपोआप क्रमांक सहाच्या बाजूला जाऊन बसतो आणि तेथून स्वतःच्या स्वातंत्र्यप्रेमाचे कौतुक करू लागतो. मालिकेची रचना मात्र त्याला ती जागा देत नाही. ती त्याला क्रमांक दोनच्या खुर्चीत बसविते.

हे समजण्यासाठी प्रथम हेरकथा या वाङ्मयप्रकाराकडे पाहावे लागते. मराठीत ‘हेर’ म्हणजे जो हेरतो तो. या प्रकाराचा सारा आनंद हेरण्यात असतो : नायक शत्रूचे गुपित हेरतो आणि वाचक नायकाच्या खांद्यावरून ते पाहतो. १९६२ पासून पडद्यावर आलेल्या जेम्स बाँडने या आनंदाला ऐषआरामाची जोड दिली. १९६३ मध्ये जॉन ल कारेच्या कादंबरीने तो कडवट केला. मॅकगूहन स्वतः ‘डेंजर मॅन’ या मालिकेत जॉन ड्रेक नावाच्या हेराची भूमिका करून घराघरांत पोचला होता. या सर्व कथांत हेराचे अंतरंग हे गुपित नसते. गुपित बाहेर, शत्रूच्या तिजोरीत असते. ‘द प्रिझनर’ने हा संबंध उलटविला. येथे हेरला जातो तो हेरच, आणि तिजोरी म्हणजे त्याचे मन. बर्जेस व मॅक्लीन १९५१ मध्ये नाहीसे झाले, फिल्बी १९६३ मध्ये मॉस्कोला गेला आणि जॉर्ज ब्लेक लंडनच्या तुरुंगातून पळाला तो ऑक्टोबर १९६६ मध्ये, म्हणजे या मालिकेचे चित्रीकरण नुकतेच सुरू झालेले असताना. हेराने काम सोडले म्हणजे तो दुसऱ्या बाजूला गेला, हे समीकरण त्या काळच्या इंग्रजी मनात पक्के होते. पाहणाऱ्यालाही म्हणून ‘का?’ हा प्रश्न अत्यंत रास्त वाटतो.

येथे ‘राजीनामा’ या आपल्या शब्दाची आठवण होणे अपरिहार्य आहे. फारसीत तो संमतीचा लेख. मराठीत तो नकाराचा लेख झाला. व्हिलेजला हवे असते ते शब्दाचा हा प्रवास उलटा फिरविणे. माहितीच हवी असती, तर औषधांनी आणि यातनांनी ती कधीच मिळविता आली असती. परंतु या कैद्याला मोडावयाचे नाही, त्याने आपण होऊन सांगावयाचे आहे, असे पहिल्या काही भागांतच स्पष्ट होते. त्याचा नकार संमतीत रूपांतरित झाला पाहिजे, हा खरा आग्रह. उत्तर वेल्समधील पोर्टमेरियन ही क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुशिल्पकाराने १९२५ पासून उभारलेली वसाहत चित्रीकरणासाठी निवडली गेली, ही गोष्ट या दृष्टीने फार मोलाची ठरली. मोडलेल्या इमारतींचे तुकडे ठिकठिकाणांहून आणून तेथे रचलेले आहेत; रंगीत, प्रसन्न, कोठलेच नसलेले गाव. या तुरुंगात बँडवादन आहे, फुलांचे ताटवे आहेत. फूकोने १९७५ मध्ये बेंथमच्या गोलाकार कारागृहाचे जे विश्लेषण केले, त्याचे स्मरण अनेकांना झाले आहे. पण ते कारागृह बंदिवानाला आपण पाहिले जात आहोत ही जाणीव देते. व्हिलेज त्याला सुट्टीवर असल्याचा भास देते.

‘ए, बी अँड सी’ हा भाग प्रस्तुत वाचनाच्या केंद्रस्थानी ठेवावा लागेल. येथे क्रमांक सहाला औषध देऊन झोपविले जाते आणि त्याची स्वप्ने एका मोठ्या पडद्यावर उमटविली जातात. राजीनाम्यापूर्वी तो आपली माहिती कोणाला विकणार होता, हे शोधण्यासाठी तीन संशयित व्यक्ती एकामागून एक त्या स्वप्नांत सोडल्या जातात. क्रमांक दोन पडद्यासमोर बसून हे सारे पाहतो : पॅरिसमधील मेजवानी, सुंदर स्त्रिया, पाठलाग, मारामारी. जे दृश्य त्याच्यापुढे आहे ते हेरपटाचेच दृश्य आहे, आणि नेमके तेच दृश्य घरी बसलेल्या प्रेक्षकापुढेही आहे. दोघांचे कुतूहल एक, दोघांची अधीरताही एक. तिसऱ्या वेळी क्रमांक सहाने औषध आधीच निकामी केलेले असते. आता स्वप्नाचा दिग्दर्शक तो आहे. स्वप्नात तो मुखवटा घातलेल्या एका व्यक्तीचा मुखवटा काढतो, तर आत क्रमांक दोनच निघतो. मग स्वप्नातील क्रमांक सहा थेट त्याच प्रयोगशाळेत चालत येतो आणि जे पाकीट विकले जाणार अशी सर्वांची खात्री होती, ते उघडले जाते. आत पर्यटनाच्या माहितीपत्रिका असतात. पाहणारा पडद्यावर आणला जातो आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. आपल्या प्रेक्षकाविषयी इतका निष्ठुर विनोद करण्याचे धैर्य त्या काळच्या लोकप्रिय करमणुकीत क्वचितच आढळेल.

‘द चाइम्स ऑफ बिग बेन’ हा भाग हाच डाव निराळ्या पद्धतीने खेळतो. क्रमांक सहा पोलंडमार्गे लंडनला पळून येतो, आपल्या जुन्या वरिष्ठांपुढे बसतो आणि राजीनाम्याचे कारण सांगू लागतो. प्रेक्षकही पुढे सरकून बसतो. तेवढ्यात घड्याळाचे टोले ऐकू येतात आणि त्याच्या लक्षात येते की, पोलंडमध्ये मिळालेले मनगटावरचे घड्याळ लंडनच्या टोल्यांशी तंतोतंत जुळते आहे. दोन देशांच्या वेळेतील एका तासाचा फरक कोठे गेला? बिग बेनचा आवाज ध्वनिफितीवरचा आहे आणि दाराबाहेर व्हिलेजच आहे. त्या क्षणी प्रेक्षकाची जी निराशा होते, ती दुहेरी असते. नायक सुटला नाही याचे दुःख तर होतेच. परंतु वाक्य अर्धवट राहिले याची रुखरुख त्याहून मोठी असते. ती क्रमांक दोनचीही रुखरुख आहे, हे ध्यानात आल्यावर काहीशी लाज वाटावी. याच भागात क्रमांक दोन दोन्ही बाजू एकमेकींसारख्या होत चालल्याचे समाधानाने सांगतो. व्हिलेज कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर मालिका देत नाही ते याच कारणाने.

‘द गर्ल हू वॉज डेथ’ या भागाची दखल मात्र सहसा ‘हलकाफुलका’ म्हणून घेतली जाते आणि पुढे जाते. तो पाऊण वेळ बाँडपटाचे धमाल विडंबन आहे हे खरे. शेवटी कळते की, हे सारे क्रमांक सहा व्हिलेजमधील मुलांना झोपताना सांगत असलेल्या गोष्टीतले होते. क्रमांक दोन ती चोरून ऐकत होता, कारण मुलांपुढे हा बेसावध होईल आणि काही बोलून जाईल अशी त्याला आशा होती. नंतर क्रमांक सहा सरळ कॅमेऱ्यात पाहून सर्वांना शुभरात्री म्हणतो. हेरकथा ही मुलांना झोपविण्याची गोष्ट, आणि ती रहस्याच्या लोभाने ऐकणारा तो पहारेकरी : प्रेक्षकाचे या दोहोंपैकी एक तरी स्थान चुकत नाही.

सतराही भागांना हे तोलता आलेले नाही. ‘डू नॉट फरसेक मी, ओ माय डार्लिंग’ हा भाग मॅकगूहन एका चित्रपटात गुंतलेला असताना दुसऱ्या नटाच्या देहात त्याचे मन घालून निभावून नेलेला आहे आणि तसाच तो दिसतो. स्त्रियांच्या बाबतीत तर मालिका आपल्या काळाच्या पुढे एक पाऊलही गेलेली नाही. कैद्याने जिच्यावर विश्वास टाकावा ती बहुधा घात करणारी निघते. नायकाचे एकाकीपण उजळविण्यासाठी मोजलेली ही किंमत स्वस्त आहे.

‘वन्स अपॉन अ टाइम’मध्ये प्रश्नोत्तरे टोकाला जातात. बंद खोलीत लिओ मॅकर्नने साकारलेला क्रमांक दोन कैद्याला बाल्यापासून पुन्हा जगावयास लावतो : कधी पिता, कधी शिक्षक, कधी न्यायाधीश होऊन. या झटापटीत क्रमांक सहा उत्तर देऊन टाकतो. मनःशांतीसाठी, असे तो म्हणतो. ते कोणाला पुरत नाही. क्रमांक दोनला नाही, आणि सोळा भाग वाट पाहिलेल्या प्रेक्षकालाही नाही. रहस्याची भूक लागलेल्याला साधे सत्य अळणी लागते.

त्यानंतरच्या ‘फॉल आउट’ या अंतिम भागाने प्रेक्षकांचा जो रोष ओढवून घेतला, त्याचे मूळ येथे आहे. क्रमांक एकच्या चेहऱ्यावरचा मुखवटा काढला की वानराचा मुखवटा, आणि तोही काढला की नायकाचाच हसणारा चेहरा. या दृश्याचा ‘आपणच आपले तुरुंगाधिकारी’ असा अर्थ लावून त्याला बोधकथेचे रूप देण्यात आले. मात्र तो चेहरा क्षणभरच दिसतो आणि संतप्त प्रेक्षकाला जे हवे होते ते कारण तेथेही मिळत नाही. २००९ मध्ये सहा भागांत आलेल्या पुनर्निर्मितीने व्हिलेज म्हणजे काय याचा खुलासा करून टाकला. ती पाहून कोणालाही राग आला नाही, आणि फार कोणी ती स्मरणातही ठेवली नाही.

मालिकेचा कर्ता कोण, हा वाद जुना आहे. पटकथा-संपादक जॉर्ज मार्कस्टाइन याच्या मते हा कैदी म्हणजे ‘डेंजर मॅन’मधील जॉन ड्रेकच, मॅकगूहनने ते सतत नाकारले. मार्कस्टाइन मध्येच मालिका सोडून गेला. परंतु शीर्षकदृश्यात तो शेवटपर्यंत उरला आहे : नायक ज्याच्यापुढे राजीनामा आदळतो, तो मेजामागे मान खाली घालून बसलेला माणूस मार्कस्टाइनच. त्या दृश्यात नायक येरझारा घालतो, मेजावर मूठ आपटतो, बशी फुटते. तो बोलत असतो, आवेशाने, कारणासकट बोलत असावा. ओठ हलताना स्पष्ट दिसतात. ध्वनिपट्टीवर मात्र ढगांचा गडगडाट आणि संगीत आहे.