पु. लं.नी सोडलेली खुर्ची

पु. ल. देशपांडे यांच्या विनोदाचे गोडवे आपण गातो. त्यांची दूरचित्रवाणीवरील नोकरी मात्र विसरतो. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. तिथल्या आरंभीच्या निर्मात्यांत ते होते. पंडित नेहरूंची मुलाखतही त्यांनी घेतली. पुढे नोकरी सोडून १९६१ साली ते ‘बटाट्याची चाळ’ घेऊन एकटे रंगमंचावर उभे राहिले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले, तेव्हा हा जाणता माणूस त्या खुर्चीत नव्हता. मराठी पडद्याचे हे नुकसानच. तरीही मला त्यांचा निर्णय रास्त वाटतो. अधिकाऱ्याला प्रेक्षक दिसत नाही, पु. लं.ना तो समोर हसताना हवा होता. वाशीच्या आमच्या घरी आजही फराळाच्या वेळी त्यांचाच आवाज लागतो. कचेरीतल्या फायली कोण वाचतो?