बहुरूपी, बकरा आणि बळी : दूरध्वनीवरील सार्वजनिक थट्टेची चिकित्सा

भाताची झोडणी आटोपून कणग्या भरल्या, की गावोगाव बहुरूपी हिंडू लागे. उभ्या महाराष्ट्राप्रमाणे कर्जत-खालापूरच्या घाटाखालच्या गावांनाही ही मूर्ती अपरिचित नाही. पोलीस-जमादाराचा वेष, हाती छडी आणि मुखी अटकेची भाषा असा तो अंगणात येई व यजमानावर नाना चमत्कारिक आरोप ठेवी. क्षणभर घरधनी गांगरे. पण आरोपांची विसंगती वाढता वाढता सोंग उघडे पडे, घर हसू लागे आणि ज्याची फजिती झाली तोच पसाभर भात बहुरूप्याच्या झोळीत घाली. या लोककलेचा एक नियम ध्यानात घेण्याजोगा आहे. येथे फसणारा, पाहणारा आणि बिदागी देणारा एकच असतो, आणि सोंगाची उकल त्याच अंगणात, त्याच्याच डोळ्यांसमोर होते.

आधुनिक प्रसारणाने याच कलेचा एक वारस निर्माण केला आहे. निवेदकाने खोटे नाव व खोटा अधिकार धारण करून एखाद्या अनभिज्ञ व्यक्तीस दूरध्वनी करावा, तिला गोंधळात पाडावे, संभाषण मुद्रित करावे आणि ते सहस्रावधी श्रोत्यांना ऐकवावे, असे या प्रकाराचे स्वरूप आहे. इंग्रजीतून आलेला ‘प्रँक कॉल’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे. हिंदी प्रसारणाने त्याला दिलेली नावे अधिक बोलकी आहेत. दूरचित्रवाणीवरील ‘बकरा’ आणि नभोवाणीवरील ‘मुर्गा’ ही दोन्ही नावे फसलेल्या माणसाची आहेत. बकरा आणि कोंबडा हे दोन्ही प्राणी नवसाला कापले जातात. मराठीत ‘बळी’ या एकाच शब्दात देवापुढे दिलेला जीव आणि अन्यायाने गेलेला जीव असे दोन्ही अर्थ नांदतात. नाव देणाऱ्यांनी हे सहज, गमतीने केले असेल; परंतु भाषा अनेकदा बोलणाऱ्याच्या हेतूपेक्षा अधिक सांगून जाते.

या प्रकाराचे मर्म कळण्यासाठी दूरध्वनीवरील संभाषणाची घडण पाहावी लागते. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एक साधी गोष्ट दाखवून दिली. घंटा ही हाक असते व ‘हॅलो’ हा तिचा ओ असतो. म्हणजे ज्याला समोर कोण आहे हे ठाऊक नाही, त्यालाच प्रथम बोलावे लागते. प्रत्यक्ष भेटीत चेहरा, वस्त्र, वय व सोबतची माणसे यांवरून आपण ‘तू’, ‘तुम्ही’ वा ‘आपण’ यांतील निवड करतो. दूरध्वनीवर हे सारे काम आवाजावर येऊन पडते. हाक मारणाऱ्याने अधिकाराचा स्वर लावला, की उत्तर देणारा आपसूक नम्रतेच्या पायरीवर उतरतो. ही नम्रता मूर्खपणाची खूण नव्हे. परक्याच्या शब्दावर प्रथम विश्वास ठेवावा, या संस्कारावरच भाषाव्यवहार चालतो. थट्टेखोर निवेदक नेमक्या याच संस्काराचे भांडवल करतो. फसलेल्याचे अज्ञान हसण्याचा विषय भासते. वस्तुतः हसे होते ते त्याच्या सौजन्याचे.

यावर कोणी म्हणेल, की हास्याला थोडी बोच असणारच. हे मान्य करावयास हवे. भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले असून स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यांत स्मित व हसित उत्तमांचे, तर अपहसित व अतिहसित अधमांचे मानले आहे. परंतु हा सारा विचार रंगभूमीवरील हास्याचा आहे, आणि तेथे ज्याला हसले जाते तो नट असतो. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) या नाटकातील तोतया एकामागून एक माणसांना फसवितो, पण त्या फसगतीचे दुःख पात्रांच्या वाट्याला येते, माणसांच्या नव्हे; पडदा पडल्यावर सगळे नट सुखरूप घरी जातात. दूरध्वनीवरील थट्टेत एक बाजू नट असते व दुसरी बाजू माणूस असते. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७४ साली अशा बनावांचे सौम्य आणि शोषक असे दोन वर्ग केले. प्रसारित थट्टा पहिल्या वर्गात असल्याचा दावा करते. तो दावा किती ठिसूळ आहे, हे एका घटनेने जगाला दाखविले.

४ डिसेंबर २०१२ रोजी सिडनीतील ‘टूडे एफएम’ या केंद्राच्या दोन निवेदकांनी लंडनच्या किंग एडवर्ड द सेव्हन्थ रुग्णालयास दूरध्वनी केला. केंब्रिजच्या डचेस तेथे गरोदरपणातील त्रासासाठी दाखल होत्या. निवेदकांनी राणी एलिझाबेथ आणि युवराज चार्ल्स यांचे आवाज काढले. लंडनमध्ये तेव्हा पहाट होती. स्वागतकक्षात कोणी नव्हते. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरून परदेशी गेलेल्या एका भारतीय परिचारिकेने तो दूरध्वनी घेतला आणि विश्वासाने कक्षाकडे जोडून दिला. तेथील दुसऱ्या परिचारिकेने रुग्णाच्या प्रकृतीची माहिती सांगितली. सोंगाची उकल त्या दोघींपैकी कोणापाशीही झाली नाही. ती झाली जगापुढे. तीनच दिवसांनी, ७ डिसेंबरला, दूरध्वनी जोडून देणारी परिचारिका मृतावस्थेत आढळली. २०१४ सालच्या न्यायालयीन चौकशीत ती आत्महत्या ठरली.

कोणत्याही आत्महत्येचे एकच कारण सांगणे अशास्त्रीय होय, आणि निवेदकांना हा परिणाम अभिप्रेत होता असेही कोणी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये त्यांच्यावर खटला भरण्यात आला नाही. उलट, लोकांच्या संतापाची झळ त्यांनाही लागली. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. थट्टेचे मूल्य दोन्ही टोकांनी मोजले, एवढे खरे. तथापि येथे चिकित्सेचा विषय व्यक्ती नसून रचना आहे. ते संभाषण थेट प्रसारित झाले नव्हते. ते मुद्रित होते. केंद्राने त्यावर कायदेशीर सल्ला घेतला होता. रुग्णालयाशी संपर्क साधण्याचा पाच वेळा प्रयत्न केल्याचे केंद्राने सांगितले. कोणाही वरिष्ठ अधिकाऱ्याशी बोलणे झाले नसल्याचे रुग्णालयाने सांगितले. हा वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. संमती आवश्यक आहे, याची जाणीव केंद्रास होती. आणि ती न मिळताच प्रसारण झाले. क्षणाची चूक आणि विचारांती केलेली निवड यांतील अंतर ते हेच.

उकल गळून पडली म्हणजे सोंगाचे काय होते, याचे याहून भीषण उदाहरण महाराष्ट्रात आहे. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवा भ्रमणध्वनीवरून देशभर पसरल्या. त्या काळी फिरत असलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीत पालकांच्या प्रबोधनासाठी केलेला बनाव होती. अखेरीस मूल परत आणून फलक दाखविला जाई; तेवढाच भाग कापलेला होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेने बेभान झालेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले. गावोगाव फिरून ज्यांनी पसाभर धान्य मिळवावे, त्यांचाच बळी गेला.

कर्जत-खालापूरच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथे आगरी, ठाकर, कातकरी आणि कुणबी बोली शेजारी शेजारी नांदतात. आगरी माणूस ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणतो. शहरी प्रसारणाच्या कानाला हा उच्चार आयता विनोद वाटतो. वीटभट्टीच्या मुकादमाचा किंवा कचेरीतील साहेबाचा दूरध्वनी आला, की होकाराखेरीज दुसरे उत्तर न शिकलेला मजूर अशा थट्टेत पहिल्या वाक्यालाच हरतो. बलवंताची फजिती करणारे हास्य समाजाला मोकळे करते. दुर्बळाची फजिती करणारे हास्य त्याला अधिक मुका करते.

आणि याच भूमीत विश्वासाचे मोल काय असते, तेही दिसले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळगडाच्या कुशीतील इरशाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. वर जावयास गाडीरस्ता नव्हता, पाऊस कोसळत होता; तरी मदतपथके अंधारात पायी चढली. त्या चढणीत नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याने प्राण गमावला. अशा रात्री पायथ्याशी पोचलेला शब्द खरा मानूनच माणसे उठतात. कोणी थट्टा तर करीत नाही ना, हा संशय ज्या समाजात मुरला, तेथे हाकेनंतरची पहिली काही मिनिटे वाया जातील. रुग्णालय, पोलीस ठाणे, अग्निशमन केंद्र किंवा स्टेशनमास्तरची खोली येथे केलेली थट्टा म्हणूनच एका माणसाची उरत नाही.

कायद्याने यात काही केले आहे. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने ४ मार्च २०१५ च्या निर्णयात, परवानाधारक केंद्राने गुन्हा केला काय, हे नियामक मंडळास ठरविता येते असे मानले. मुद्दा होता संमतीविना मुद्रित केलेले संभाषण प्रसारित केल्याचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दूरध्वनीवरील संभाषण खासगीपणाच्या हक्कात अंतर्भूत मानले आणि २०१७ साली त्या हक्कास मूलभूत हक्काचे स्थान दिले. परंतु समीक्षेचे काम कायद्याच्या आधी सुरू होते. या प्रकारास कला म्हणवून घ्यावयाचे असेल, तर बहुरूप्याचे नियम त्यालाही लागू करावे लागतील : सोंगाची उकल त्याच संभाषणात व्हावी; प्रसारणापूर्वी फसलेल्याने मोकळ्या मनाने होकार द्यावा; कर्तव्यावर असलेल्या माणसाला विषय करू नये; आणि हास्याचा रोख खालच्या पायरीकडे नसावा.

बहुरूपी अंगणातून परतताना मागे वळून पाही. घरधनी हसत आहे की नाही, यावरच त्याची बिदागी व पुढील वर्षीचे स्वागत अवलंबून असे. दूरध्वनीवरील थट्टेखोराला दुसऱ्या टोकाचा चेहरा दिसत नाही. संभाषण तोडल्यावर त्या टोकाला काय उरते, हे न पाहण्यातच या प्रकाराचा मूळ दोष आहे.