इब्राहीम अल्-मुजाब व कर्बल्याची किल्लीदारी

कर्बला येथील इमाम हुसेन यांच्या रौजाची किल्लीदारी ज्या सय्यद घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यांपैकीं आल फाइज कुळ व त्याच्या शाखा आपलें मूळ इब्राहीम अल्-मुजाब याच्याकडे नेतात. हा सातवे इमाम मूसा अल्-काजिम यांचा नातू व मुहम्मद अल्-आबिद याचा पुत्र. मुजाब म्हणजे ज्यास उत्तर मिळालें तो. यानें कबरीस सलाम करतांच आंतून प्रतिसलाम ऐकूं आला, अशी कथा आहे. हिजरी 247 (इ. स. 861) च्या सुमारास तो तेथें स्थायिक झाला, असें परंपरा सांगते.

हा काळ जुळतो. हिजरी 236 त खलीफा मुतवक्किल यानें कबर व भोंवतालचीं घरें पाडून ती जमीन नांगरविल्याचें तबरीनें नोंदलें आहे. 247 त मुतवक्किल मारला गेल्यावर अलीवंशीयानें तेथें राहणें संभवनीय होय. परंतु वस्ती म्हणजे अधिकार नव्हे.

अधिकाराविषयीं दोन साक्षी पुढें करण्यांत येतात. इब्न इनबा (मृत्यु हि. 828) याचा ‘उम्दत अत्-तालिब’ हा ग्रंथ मुंबईसही छापला गेला आहे, त्यावरून मुहम्मद अल्-आबिदाचा वंश इब्राहीमाकडून चालल्याचें कळतें. दुसरा साक्षी इब्न बतूता. इ. स. 1327 त त्यानें रौजाच्या दारीं द्वारपाल व सेवक पाहिले. त्यांच्या परवानगीवांचून प्रवेश नव्हता, उंबरठा रुप्याचा होता. पुढें तो म्हणतो कीं, गांवांत औलाद रखीक व औलाद फाइज असे एकाच पुरुषाच्या वंशांतील दोन तट सदा लढतात व त्यामुळें गांव उजाड झालें आहे. द्वारपाल कोणत्या तटाचे, हें तो सांगत नाहीं. हीं दोन विधानें जोडून फाइज कुळाची किल्लीदारी तेव्हांपासून सिद्ध मानणें आम्हांस मान्य नाहीं.

दुसरा घोटाळा नामसादृश्याचा. रखीक कुळ आपणांस मूसा अल्-काजिम यांचा पुत्र इब्राहीम याचें म्हणवितें. फाइज कुळाचा इब्राहीम हा नातू. तेव्हां ‘एकच पुरुष’ म्हणजे मूसा अल्-काजिम, मुजाब नव्हे.

इ. स. 2005 च्या 19 व्या इराकी कायद्यानें शिया तीर्थांची व्यवस्था लावून दिल्यापासून हा प्रश्न हक्काचा कमी व इतिहासाचा अधिक झाला आहे. वंशावळ रक्त सांगते. हक्क सांगावयास सनद लागते. वतनाच्या तंट्यांचे महजर चाळणाऱ्या आमच्या वाचकांस हें नव्यानें सांगावयास नको. म्हणून अशा घराण्यांची वंशावळ हातीं येईल तेव्हां संग्राहकांनीं तिच्यासोबतच्या नेमणुकीच्या व वक्फाच्या कागदांची चौकशी आधीं करावी, अशी आमची विनंती आहे.