‘हॉब्सन-जॉब्सन’मधील व्युत्पत्तिविचार : दोन शब्दांच्या निमित्ताने

हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९०३ मध्ये विल्यम क्रुक यांनी त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. मोहरममधील ‘या हसन! या हुसेन!’ या घोषाचे इंग्रज शिपायांच्या तोंडी जे रूप झाले, तेच कोशाचे शीर्षक होय. परका शब्द ओळखीच्या ध्वनींत बसविण्याची ही प्रवृत्ती बोलणाऱ्यांप्रमाणेच व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनाही चकविते.

‘मंगूस’ हा इंग्रजी शब्द पाहावा. कोशकारांनी त्याचे मूळ तेलुगू मानले. ऑक्सफर्डचे कोश मात्र तो मराठीतून आल्याचे नोंदवितात. वरवर परस्परविरोधी वाटणारी ही मते प्रत्यक्षात दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. इंग्रजीला शब्द कोणी दिला, हा एक प्रश्न; देणाऱ्या भाषेकडे तो कोठून आला, हा दुसरा. मराठी व तेलुगू यांचा शेजार लक्षात घेता दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात. शब्दाच्या इंग्रजी लेखनात ‘गूस’ हा पक्षी शिरला, तो केवळ ध्वनिसाम्यामुळे. म्हणूनच ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’ होत असले, तरी ‘मंगूस’चे रूढ अनेकवचन ‘मंगूसेस’ असेच आहे.

नागपूरची ओळख बनलेल्या फळाची दोन्ही नावे हाच धडा देतात. ‘नारंग’ हा संस्कृत शब्द फारसी, अरबी व युरोपीय भाषांतून प्रवास करीत ‘ऑरेंज’ झाला. त्यातील आद्य ‘न’ इंग्रजीत लोपला, हा समज प्रचलित असला तरी चुकीचा आहे. फ्रेंचमधून शब्द येण्यापूर्वीच तो गळाला होता. ‘संत्रे’ हे नाव पोर्तुगालमधील सिंत्रा गावावरून आले, असेही सांगितले जाते. परंतु १५३० मध्ये निधन पावलेल्या बाबराच्या आत्मवृत्तात ‘संगतरा’ आढळतो. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. इतक्या अल्पावधीत हे नाव उत्तरेत रुळले असेल, हे सहज पटणारे नाही.

ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे, तो केवळ शोधाचा आरंभ होय. ‘हॉब्सन-जॉब्सन’चे काही निष्कर्ष आज मान्य होणार नाहीत, पण शब्दांचे कालनिर्दिष्ट दाखले देण्याची त्याची पद्धत त्याच निष्कर्षांची परीक्षा घेण्याचे साधन अभ्यासकाच्या हाती देते. या कोशाचे टिकाऊ महत्त्व त्यातच आहे.