गेट-सेटची सवय

वाकडला लागूनच हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. अशा ठिकाणी नोकरी मिळावी म्हणून पुष्कळ विद्यार्थी जावा शिकतात. त्यांच्या आज्ञावलीत एक साचा हमखास दिसतो : क्लासमध्ये जितके चल, तितक्या 'गेट' व 'सेट' मेथडच्या जोड्या. आमच्या मते हा साचा तपासून पाहायला हवा.

विजेच्या मीटरचे उदाहरण घेऊ. मीटरचा क्लास लिहिला आणि त्यात 'रीडिंग' हा चल खासगी ठेवला. मग साच्याप्रमाणे 'गेटरीडिंग' व 'सेटरीडिंग' या मेथड आल्या. पहिलीत वावगे काही नाही, कारण मीटर वाचल्याने आकडा हलत नाही. दुसरीचे काय? तिच्यामुळे कोणालाही मीटर मागे फिरवता येईल! घरच्या मीटरला सील असते ते याचसाठी. वापराचा आकडा वीज वापरल्यानेच पुढे जायला हवा. म्हणून येथे 'युनिटनोंदव' अशी मेथड हवी आणि तिने ऋण संख्या नाकारायला हवी. चल खासगी करून सरसकट 'सेट' देणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवणे होय.

ही नावे रूढ झाली ती मुख्यतः सन मायक्रोसिस्टिम्सच्या १९९७च्या जावाबीन्स नियमावलीमुळे. हेतू व्यवहारी होता : मेथडच्या नावावरून इतर सॉफ्टवेअरला ऑब्जेक्टचे गुणधर्म ओळखता यावेत. प्रत्येक चलाला जोडी हवीच, असे त्यात अभिप्रेत नव्हते. त्याआधीच्या स्मॉलटॉक भाषेत मेथडला चलाचेच नाव देण्याची रीत होती. २०२१ मध्ये जावाच्या १६व्या आवृत्तीत कायम झालेल्या 'रेकॉर्ड' या प्रकारातही 'गेट' हा उपसर्ग नाही आणि 'सेट' तर नाहीच.

बर्ट्रांड मेयर यांनी १९८८च्या आपल्या ग्रंथात एक साधे तत्त्व मांडले : प्रश्न विचारल्याने उत्तर बदलू नये. मराठीत 'रीडिंग किती?' हा प्रश्न आणि 'युनिट नोंदव' ही आज्ञा यांत गल्लत होत नाही. मेथडच्या नावांतही ती होऊ नये. 'गेट' नावाची मेथड आतल्या आत काही बदलत असेल, तर नाव पाहून ती वापरणारा फसतो.

तेव्हा विद्यार्थ्याने 'सेट' लिहिले की शिक्षकांनी एवढेच विचारावे : हे प्रत्यक्षात कोण बदलतो आणि कशामुळे? उत्तर मिळाले, तर मेथडचे योग्य नावही त्यातच सापडते. उत्तर नसेल, तर ती मेथड खोडावी. आणि तिच्यासाठी गुण कापू नयेत.