फोटोच वाटतो!

सध्या मुंबईतल्या कुठल्याही कलादालनात शिरा, भिंतीवरच्या निवेदनात ‘वास्तव आणि कल्पना यांच्या सीमारेषेवर’ हे शब्द असतातच. शेजारी चित्र काय, तर घासूनपुसून लखलखीत केलेली पितळी घागर, सुरकुतलेला साधू, नाहीतर नथ घालून पाण्याला निघालेली बाई. समोर मोबाइल सरसावलेला प्रेक्षक म्हणतो, ‘फोटोच वाटतो!’ चित्रकार खूश, दालनवाला त्याहून खूश.

फोटो वाटतो, कारण तो फोटोच असतो. प्रोजेक्टरने कॅनव्हासवर पाडलेला, पेन्सिलीने गिरवलेला, मग रंगवलेला. जवळ जाऊन पाहा. घागरीचा काठ धारदार आणि मागचं अंगण धूसर, दिव्यांचे गोल ठिपके झालेले. माणसाला असं कधी दिसतं? नजर अंगणाकडे वळली की अंगण स्पष्ट होतं. ही धूसरता भिंगाची, आणि तीही तैलरंगात इमानेइतबारे उतरवलेली. याउलट चित्रकार हळदणकरांची हातात दिवा घेतलेली स्त्री आठवा. जलरंगात खाडाखोडीला फारशी जागा नसते. तरी बोटांतून पाझरणारा तो लालसर उजेड असा उतरलाय की चित्रकाराने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता याबद्दल शंकाच उरत नाही.

कल्पनावाल्यांचं काय सांगावं! पंख फुटलेले मासे, डोक्याच्या जागी पिंजरा, आणि वितळणारी घड्याळं अजून आहेतच. दालीने ती १९३१ मध्येच वितळवून ठेवलीत, आता सुकू द्यावीत.

घड्याळ पाहायचं तर चित्रकार प्रभाकर बरव्यांचं पाहावं. ते वितळत नाही, कशाचं प्रतीक असल्याचा आवही आणत नाही. कचेरीच्या भिंतीवर असतं तसं साधं घड्याळ. पण त्याच्या शेजारी एक पान असतं किंवा टाचणी असते, आणि त्यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा. त्या जागेतच चित्र घडतं. पानाचा आकार घड्याळाला काहीतरी विचारतो, सावली वस्तूला सोडून वेगळीच वाट धरते, आणि आपण रोज हाताळलेल्या वस्तू पहिल्यांदाच पाहतो आहोत असं वाटू लागतं. रंगही बघा कुठला, दारं-खिडक्यांना लावतात तो चकचकीत एनॅमल. तैलरंगासारखी हळुवार मिसळामिसळ त्यात फारशी जमत नाही, त्यामुळे आकार नेमके आणि निर्विकार राहतात. विणकर सेवा केंद्रात दोन दशकं नोकरी करत या माणसाने हे शोधलं, आणि ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात त्याबद्दल स्वच्छ मराठीत लिहूनही ठेवलं. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा रकाने भरले ते उद्घाटनात अमोल पालेकरांचं भाषण मध्येच थांबवलं गेलं त्यावर. चित्रं बिचारी भिंतीवरच राहिली.

गायतोंड्यांच्या चित्रांबद्दलही आपण हल्ली फक्त लिलावाचे आकडे बोलतो.

सुधीर पटवर्धन मात्र या फोटोछाप वास्तवाशी अजून भांडतात. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून वर्षानुवर्षं माणसांचे एक्सरे वाचलेला हा चित्रकार शहरही आतून वाचतो. ‘लोअर परळ’सारख्या चित्रात शहर एकाच जागेवरून दिसत नाही. चालता चालता, पुलावरून, गर्दीत ढकलले जात आपण जे पाहतो ते एका कॅनव्हासवर रचलेलं असतं. असा कोन कुठल्या कॅमेऱ्याला सापडणार? गिरणगाव खरोखर अनुभवाला येतं ते असंच, आणि ते असं रचायला कल्पनाच लागते. कल्पना म्हणजे वास्तवातून मिळालेली सुट्टी, हा समज ज्यांनी पसरवला त्यांनीच घागरी विकल्या.

यावर ठरलेलं उत्तर येतं की लोकांना असलं कळत नाही, लोकांना हुबेहूब हवं. कुठले लोक? याच पटवर्धनांनी २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांतून फिरवलं. लोकांना कळणार नाही असं गृहीत धरलं असतं तर एवढा खटाटोप त्यांनी केलाच नसता. कळत नाही म्हणणारे दालनवाले सांगलीला किंवा सोलापूरला एक तरी चित्र घेऊन गेलेत का? त्यांचे ‘लोक’ म्हणजे सोफ्याच्या रंगाला जुळणारी घागर शोधत आलेलं गिऱ्हाईक. त्याला घागर जरूर विकावी. फक्त शेजारचं ते निवेदन काढून तिथे किंमत लावावी.